डाव्या हाताचा विळा

प्रविण खंडेनवमीला घरी येताना मिठाई आणायला विसरला, पण मोजायचा टेप आणायला विसरला नाही. गाडीतून उतरला, वडलांच्या पाया पडला, मालूआत्याच्या पाया पडला आणि तडक गोठ्यात शिरून भिंतीला टेप लावू लागला.

"वहिनी, जरा हे टोक धरता का?"

रोहिणीच्या हातात कोळशाची पाटी होती. ती खाली ठेवून तिनं टोक धरलं. दिरानं धरा म्हटल्यावर धरायचं, हे चोवीस वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. मग आपण आपल्याच भट्टीच्या जागेचं माप द्यायला हातभार लावतोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं टोक सोडलं. टेप सळसळत गेला आणि प्रविणच्या अंगठ्यावर फटकन बसला.

"आई गं!"

"सुटला वो भावजी," रोहिणी म्हणाली. तिला मुळीच वाईट वाटलं नव्हतं.

हा गोठा तीन वर्षं रिकामा होता. शेवटची बैलजोडी गेली आणि पॉवर टिलर आला. टिलरला गोठा लागत नाही, ताडपत्री पुरते. पेणच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या प्रविणला तेव्हापासून त्या जागी दोन खोल्या दिसत होत्या. कोलाडला नदीत होड्या घालायला मुंबईचे लोक येतात, त्यातले चार इकडे निडीला वळले तरी पुष्कळ झालं, असा त्याचा हिशेब. आणि घरच्या थोरल्या सुनेला, रोहिणीला, त्याच जागी लोहाराची भट्टी दिसत होती. गणपतीत दोघांची अशी जुंपली की आरतीचं तबक हातातच राहिलं. तेव्हा रोहिणीच्या सासऱ्यांनी, हैबतरावांनी, निकाल दिला. शहात्तर वर्षांचे हैबतराव निकाल देण्याआधी पंच्याच्या टोकानं तोंड पुसतात. तसं पुसून ते म्हणाले होते,

"खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. त्या दिवशी दिवेलागणीला या गोठ्यात घडलेलं एक तरी हत्यार पाटावर ठेवा. चालणारं पायजे, शोभेचं नको. ठेवलंत तर गोठा सुनेचा. नाय तर प्रविणच्या खोल्या. परत या विषयावर माझ्या कानाशी कुणी बोलायचं नाय."

ती खंडेनवमी आज होती.

आता भातशेतीच्या घरातल्या बाईला भट्टी कशाला हवी, तर रोहिणी डावरी. जेवते तेवढी उजव्या हातानं, कारण ते मारून मुटकून शिकवलेलं. बाकी सगळं डाव्यानं. दुकानातल्या विळ्याची धार एकाच अंगाला उतरलेली असते, उजव्या हाताच्या माणसासाठी. डाव्या हातात धरला की तो भातावरून घसरतो आणि थेट करंगळी गाठतो. तिच्या माहेरी, गागोद्याला, शेजारीच विष्णु लोहाराचं दुकान होतं. परकराच्या वयात ती तिथं भाता ओढत बसायची आणि आई हाका मारून मारून दमायची. लग्न ठरलं तेव्हा विष्णुकाकांनी तिला आहेर म्हणून उलट्या धारेचा विळा करून दिला. ताटवाट्या सगळ्यांनीच दिल्या होत्या, पण असा विळा अख्ख्या तालुक्यात तिच्या एकटीचा होता. तो चोवीस कापण्या चालला. घासून घासून चतकोर झाला आणि गेल्या वर्षी खाचरात दोन तुकडे होऊन पडला. विष्णुकाका कधीच गेले होते. रोहिणीनं रोहा पाहिलं, नागोठणं पाहिलं, पेणचा बाजार पालथा घातला. उलटा विळा मागितला की दुकानदार आहे तोच विळा उलटा करून दाखवायचे.

मग तिनं ठरवलं, आपणच करायचा.

ठरवायला एक दिवस लागला आणि सामान जमवायला पाच महिने. त्यातली एकही वस्तू नवी नव्हती. वडखळच्या नाक्यावर ट्रकच्या गॅरेजमागे गवतात पडलेला ब्रेकचा ड्रम आणला, ती झाली भट्टी. मळणीयंत्र आल्यापासून माळ्यावर धूळ खात पडलेला, भात वारवायचा, हातानं फिरवायचा पंखा खाली काढला आणि त्याच्या तोंडाला जुन्या मोटरीचा पाइप जोडला, तो झाला भाता. घण, हातोडे आणि लांब दांड्याच्या सांडश्या विष्णुकाकांच्या मुलानं दिल्या. हा हरेश आता पेणला खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करतो. "न्या ताई, माझ्याकडं नुसत्या गंजतायत," म्हणाला आणि वर मोडक्या टेम्पोच्या कमानीच्या पाट्यातून एक पट्टीही कापून दिली. कोळसा करवंट्यांचा, घरीच भाजलेला. रोहिणीचा नवरा जितेश रोह्याच्या कंपनीत फिटर. आधी त्यानं हे सगळं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या महिन्यात पाइप नीट बसेना म्हणून तिनं सुतळी गुंडाळलेली त्यानं पाहिली आणि त्याच्यातल्या फिटरला ते सहन झालं नाही. तेव्हापासून शिफ्ट संपवून आला की तो चहाच्या आधी गोठ्यात डोकवायचा.

भट्टीला आतून लिंपायची माती मात्र त्यानंच आणली, आणि आणली ती पेणची शाडू. पेणच्या मुलखात माती म्हटलं की माणसाला दुसरं काही सुचतच नाही. लिंपण इतकं गुळगुळीत झालं की वर डोळे रंगवायचे तेवढे बाकी होते. पहिल्या जाळाला ते तडातडा फुटलं, ढेकळं उडाली आणि कोंबड्या दोन दिवस गोठ्याकडे फिरकल्या नाहीत. मग वारुळाची माती, भाताचा तूस आणि शेण असं कालवून लिंपलं, पंधरा दिवस सुकू दिलं, तेव्हा ते टिकलं.

राहिली होती ऐरण. विष्णुकाकांची ऐरण कुठं गेली असं विचारलं की हरेश दुसरीकडं बघत "ती गेली" एवढंच म्हणायचा. भंगारात गेली असणार, असं रोहिणीनं समजून घेतलं. शेवटी हैबतराव मदतीला धावले. त्यांच्या जुन्या डिझेल इंजिनाचं जाडजूड चाक परसात पडलं होतं, ते त्यांनी चिंचेच्या ओंडक्यावर चढवायला लावलं.

"आबा, ते बीड हाय, ओतीव लोखंड," जितेश म्हणाला. "घणाला फुटंल."

"माझ्या इंजिनाचं चाक फुटंल?" हैबतराव असे काही उखडले की इंजिन जणू अजून पाणी ओढतंय. "तुझी कंपनी उभी राहायच्या आधीपासनं फिरतंय ते."

पुढं बोलणार कोण?

या सगळ्यात रोहिणीला खरी टोचणी होती ती मालूआत्याची. मालूआत्या म्हणजे हैबतरावांची धाकटी बहीण, वय एकोणसत्तर, पेणला पापडाचा कारखाना. नवरा गेल्यावर आठ बायकांना हाताशी धरून तिनं तो उभा केला होता आणि पेणच्या बाजारात तिचा शब्द चालायचा. या घरात रोहिणी सून म्हणून आली तेव्हापासून आत्या तिच्या बाजूची. टिलर चालवायला शिकायचं होतं तेव्हा भावाशी भांडली ती आत्या. रोहिणीच्या लेकीला, सुरभीला, कॉलेजसाठी पेणला स्वतःकडे ठेवून घेतलं तेही आत्यानंच. आणि तीच आत्या भट्टीचं नाव काढलं की फणकारायची. आताही ती गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि प्रविणला सांगत होती, "खोल्याच बांध. पावणेरावळे येतील, घर भरेल. हे ठोकाठोकीचं खूळ कशाला?"

"ऐकलंत वहिनी? आत्यापण बोलतेय," प्रविण अंगठा चोखत म्हणाला.

रोहिणीनं ऐकलं होतं. गोठा गेला असता तर तिला दुःख झालंच असतं. पण आत्यानं साथ सोडली याचं दुःख आधीच होऊन बसलं होतं. तिनं करवंट्यांचा कोळसा भट्टीत ओतला, वर गोवरीचा निखारा ठेवला आणि जितेशला खूण केली. पंखा फिरू लागला. भुर्रभुर्र करत जाळ आधी पिवळा झाला, मग पांढुरका. पट्टी आत सरकवली. लोखंड पिकल्या आंब्याच्या रंगावर आलं तसं तिनं सांडशीनं ते उचललं आणि चाकावर धरलं.

"मारा."

जितेशनं घण मारला. आवाज बद्द आला, पण पट्टी दबली. हैबतरावांनी सगळ्यांकडे एकेकदा बघून घेतलं. दुसरा घाव, तिसरा घाव. परत भट्टीत, परत बाहेर. पट्टी टोकाला निमुळती होऊ लागली आणि रोहिणीच्या तोंडावर हसू आलं. नवव्या घावाला खाड् असा आवाज झाला आणि चाकाचे सरळ दोन तुकडे झाले. एक ओंडक्यावर राहिला, दुसरा जितेशच्या बुटाशेजारी पडला.

रोह्याकडे जाणारी गाडी शिटी मारून गेली. हैबतराव पुढं आले, तुकडा हातानं चाचपला आणि म्हणाले, "बीड होतं वाटतं."

जितेशनं घण खाली ठेवला तो जरा जोरातच. प्रविणला हसू आवरत नव्हतं. पण वहिनीचा चेहरा पाहून त्यानं ते आवरलं, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"हरेशला फोन लावा," रोहिणी म्हणाली. "ऐरण कुठल्या भंगारवाल्याकडं गेली तेवढं तरी सांगू दे. असली तर उचलून आणू."

जितेशनं फोन स्पीकरवर लावला. हरेशनं सगळं ऐकून घेतलं. "ताई, तुमच्याशी खोटं नाय बोलवत. ऐरण भंगारात नाय गेली. पेणमध्येच हाय. पण कुणाकडं ते विचारू नका, मी शब्द दिलाय."

ओट्यावर पोहे खात बसलेल्या सुरभीला जोरदार ठसका लागला.

"पाणी पी गो," मालूआत्या म्हणाली. म्हणाली साधंच, पण असं काही बघून की ते पाणी सुरभीच्या घशाखाली उतरेना.

रोहिणी पोरीला वीस वर्षं ओळखत होती. तिला लबाडी पचत नाही, लहानपणापासून नाही. "सुरभी, काय माहीत हाय तुला?"

"मला काय विचारतेस? आत्याआजीला विचार ना, ती पापडाचं पीठ कशावर कुटते!"

सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या. मालूआत्यानं पदर सारखा केला, मग दुसऱ्यांदा सारखा केला.

"बघताय काय असे? चोरी नाय केली मी. पयल्यांदा दगड घेतला पीठ कुटायला, त्याची कच पिठात यायची. विष्णु गेला, हरेश ती ऐरण मोडीत घालायला निघालेला, मी उचलली. पंधरा वर्सं झाली. असं लोण्यावानी पीठ येतंय तिच्यावर! लोक बोलतात मालूबायच्या पापडाला तोड नाय. पण लोहाराच्या ऐरणीवरचे पापड म्हटल्यावर बाजारात लोक नाकं मुरडतील, म्हणून त्याला बोलले, तोंड बंद ठेव."

"म्हणजे भट्टी आली की ऐरणीचा शोध लागेल, म्हणून विरोध?" प्रविण थक्क झाला. "आत्या, मला वाटलं तुला माझ्या खोल्या पटल्या."

"तुझ्या खोल्यांत डास चावतील," आत्या म्हणाली.

रोहिणीला राग आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे तिला काहीच करता येईना. पाच महिने ही बाई आपल्याला खूळ लागलं म्हणत होती, ते एका ऐरणीपायी! पण ऐरण मागायला तोंड उघडेना. आठ बायकांची चूल त्या पापडावर पेटत होती, ते तिला ठाऊक होतं.

"राहू द्या आत्या," ती म्हणाली. "तुमच्या धंद्याची वस्तू हाय ती. आबांची अट होती, मी हरले." आणि तिनं भट्टीतला कोळसा विस्कटायला सुरुवात केली. जवळच्या फळीवर तिनं आजच्यासाठी मांडून ठेवलेली जुन्या विळ्याची मूठ होती. ती आता कशाला लागणार, म्हणून तिनं ती दारातल्या टोपलीत टाकली.

मालूआत्यानं खुर्चीवरूनच वाकून ती मूठ उचलली. शिसवाची, काळी कुळकुळीत, चोवीस वर्षांत डाव्या हाताच्या बोटांचे खळगे पडलेली. आत्यानं ती उजव्या हातात धरून पाहिली. मग डाव्या हातात घेतली. आणि परत उजव्या हातात दिली नाही.

"प्रविण," ती एकदम म्हणाली, "गाडी काढ. पेणला जायचंय."

"माझी गाडी? आत्या, नवीन आहे ती!"

"मग काय तिला लोणच्यात घालून ठेवायचीय?"

"पण मीच जाऊन ऐरण आणायची? म्हणजे माझ्याच खोल्यांवर मी पाणी सोडू?"

हैबतरावांनी पंच्याच्या टोकानं तोंड पुसलं. "प्रविण, परीक्षेत एखाद्या पोराची पेन्सिल मोडली तर काय करतोस?"

"दुसरी देतो."

"आणि पेन्सिल मास्तरनंच मोडली असंल तर?"

प्रविणनं ओंडक्यावरच्या अर्ध्या चाकाकडे पाहिलं, वडलांकडे पाहिलं आणि किल्ली काढली. जितेश उचलायला म्हणून मागं बसला, आत्या पुढं बसली. गाडी सुटल्यावरही तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.

गोठ्यात रोहिणी आणि हैबतराव उरले. भट्टी विझू देऊन चालणार नव्हतं, म्हणून तिनं कोळसा परत गोळा केला. हैबतराव पुढं झाले आणि पंख्याचं हॅंडल फिरवू लागले.

"आबा, दमाल."

"दमू दे. चाक माझं फुटलंय." थोडा वेळ पंखा फिरला. "एक विचारू रोहिणी? लहानपणीच उजव्या हातानं शिकली असतीस तर एवढा खटाटोप लागला असता का? आमच्या आईनं मालूला शिकवलंच की."

रोहिणी कोळसा टाकता टाकता थांबली. "आत्या डावरी हायत?"

"जन्माची. आई तिचा डावा हात लुगड्याच्या काठानं कमरेशी बांधायची. जेवताना, लावणीला, कापणीला. मोकळा सोडला की हिचा विळा परत डाव्या हातात. आणि मी जाऊन आईला सांगायचो." हैबतराव हसले. मग हसू जरा कमी झालं. "आठ वर्सांची असंल. कापणीत उजव्या हातातला विळा घसरला नि मांडी फाटली. रडली नाय. मला बोलली, दादा, जा, सांग आईला, उजव्यानंच धरला होता."

पंखा थांबला होता. म्हातारा हॅंडल धरून तसाच उभा होता आणि साठ वर्षांपूर्वीच्या त्या बोलण्याचा अर्थ त्याला जणू आजच लागत होता.

"फिरवा आबा, जाळ बसतोय," रोहिणी म्हणाली. जाळ खरंच बसत होता.

तीन वाजून गेले तेव्हा गाडी आली. वडखळला अडकली होती. मागचं टोक असं बसलं होतं की अंगणात शिरताना खालून खरवडल्याचा आवाज आला आणि प्रविणनं डोळे मिटून घेतले. दोघा भावांनी चादरीत गुंडाळलेली ऐरण उचलून आणली आणि ओंडक्यावर बसवली. चादर काढली. गोठाभर हिंगाचा वास सुटला. पंधरा वर्षांचं तेल पिऊन ती ऐरण काळ्याभोर पाठीच्या म्हशीसारखी तुकतुकत होती, आणि कडेच्या खाचेत उडदाचं पीठ अजून बसलेलं होतं. रोहिणीनं तिच्यावर तळवा ठेवला. परकरातली पोर होती तेव्हा हिच्यावर हात ठेवायची तिला बंदी होती.

पट्टी तापली. ऐरणीवर ठेवली मात्र, चर्रर्र झालं आणि भाजक्या पापडाचा असा खमंग वास उठला की सगळ्यांना एकदम भूक लागली. सुरभी हसत सुटली. जितेशनं घण मारला. टणत्कार झाला खरा. पण पट्टी कलली आणि घाव तिरका बसला.

"तिथं नको रे!" मालूआत्या खुर्चीतून उठली. "तो कोपरा मुका हाय. हितं मार, हितं. पंधरा वर्सं मी काय झोपा काढत होते हिच्यावर?" तिनं हातोडा उचलला आणि जागा दाखवायला म्हणून ठण् ठण् ठण् असे तीन घाव घातले. एकसारखे, एका जागी, खांद्यातून आलेले. पट्टी दबून पानासारखी पसरली.

हातोडा तिच्या डाव्या हातात होता.

ते तिच्याही लक्षात आलं आणि हातोडा हवेतच राहिला. तिनं चमकून भावाकडे पाहिलं. एकोणसत्तर वर्षांची बाई, आठ बायकांची मालकीण. पण तिनं पाहिलं ते आठ वर्षांच्या पोरीनं पाहावं तसं.

हैबतरावांनी आधी घसा खाकरला. "बघतेस काय? मार. मी कुणाला सांगणार नाय."

"आता सांगशील कुणाला? आई वर गेली," आत्या म्हणाली आणि तिनं चौथा घाव असा घातला की ठिणग्या दारापर्यंत गेल्या.

मग कामाला खरा वेग आला. रोहिणी सांडशी धरून, जितेश घणावर, आत्या हातोड्यावर, आणि पंख्यावर कोण, तर प्रविण. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वडील दमलेले बघून त्यानं हॅंडल घेतलं, आणि दहा मिनिटांनी तो वर बघत म्हणाला, "वहिनी, धूर सगळा कौलांत कोंडतोय. धुराडं पाहिजे इथं." त्यानं पंखा सुरभीच्या हाती दिला, खिशातून टेप काढला आणि भिंतीला लावला. "जरा हे टोक धरता का?"

"माझे हात गुंतलेत," रोहिणी म्हणाली. टोक हैबतरावांनी धरलं.

विळ्याची कमान वळली, ती उजवीकडची डावीकडं. धारेचा उतार काढला तो उलट्या अंगाला. मग धार कानशीनं घासली आणि शेवटचं पाणी पाजायची, म्हणजे तापवून धार कडक करायची, वेळ आली. विष्णुकाका ते तेलात पाजायचे, नुसती धार बुडवून. आत्यानं पेणहून येताना पापड तळलेल्या तेलाचा डबाही आणला होता. तेलातून काढलेला विळा रोहिणीनं निखाऱ्यावर धरला आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. धारेवर रंग चढू लागला. आधी फिका पिवळा, मग गव्हाळ. जांभळा यायच्या आत तिनं तो उचलला. इथं चुकलं असतं तर सगळंच गेलं असतं. पण नाही चुकलं. तिनं नखानं धारेला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि तिला विष्णुकाकांची इतकी आठवण झाली की तिनं पदरानं डोळे पुसले आणि धूर फार झालाय असं सांगितलं.

जुनी मूठ बसवली तेव्हा ऊन घराच्या मागं उतरलं होतं. ओसरीवर पाट मांडलेला होता. त्यावर कोयता, कुदळ, टिलरची पाती, जितेशचे पान्हे, सुरभीचा कंपास, सगळं ओळीनं आणि मध्ये एक जागा मोकळी. पाटावर ठेवलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नसतं. म्हणून पारख आधीच व्हायला हवी होती.

"चालतंय का बघा," हैबतराव म्हणाले. "घराखालच्या खाचरात हळवं भात आधीच पिकलंय. चार मुठी काप."

सगळे बांधावर आले. रोहिणीनं पायातल्या चपला काढल्या, विळा डाव्या हातात घेतला आणि खाली उतरायला पाय उचलला. मग तिनं तो मागं घेतला. वर्षभर तिनं याच क्षणाची वाट पाहिली होती आणि तो सोडताना तिच्या जिवाला थोडं लागलंही. पण तिनं वळून विळा मालूआत्यापुढं धरला.

"आत्या, तुम्ही कापा."

"मी? मला काय येतंय आता?"

"डाव्यानं धरा. कुणी बांधत नाय."

मालूआत्या काठ खोचून खाचरात उतरली. त्या खळग्यांत तिची बोटं बसली. उजव्या हातानं भाताची पहिली मूठ धरली, डाव्या हातानं विळा फिरवला. सर्र आवाज झाला. घसरला नाही, अडकला नाही. तिनं कापलेली मूठ डोळ्यांसमोर धरून नीट निरखली, बांधावर ठेवली. दुसरी कापली. तिसरी. चौथी झाली तरी ती थांबेना. वाकलेली पाठ न उचलता ती पुढं पुढं सरकत गेली, आणि हात असा चालत होता की तो साठ वर्षं बांधून ठेवला होता यावर कुणाचा विश्वास बसला नसता. हैबतराव बांधावर बसले होते. त्यांनी पंच्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि आज निकाल काहीच दिला नाही. डोळे मात्र परत परत पुसत राहिले.

"चला, माझ्या खोल्या कापल्या गेल्या," प्रविण म्हणाला, आणि त्यानंच पहिल्यांदा टाळी वाजवली.

"मालू, वर ये गो आता," हैबतरावांनी हाक मारली. "दिवे लागले. आण तो विळा पाटावर."

"आणते. एवढी कड होऊ दे."

"आत्या, नि पापडाच्या पिठाचं काय?" जितेशनं विचारलं.

"दादाच्या चाकाचा मोठा तुकडा गाडीत टाक. पीठ कुटायला बीड चालतंय."

हैबतरावांची मान ताठ झाली. "बोललो नव्हतो? कामाचं चाक हाय."

मालूआत्या कड संपवून वर आली. पाटाशी बसली, मोकळ्या जागी विळा ठेवला, हळदकुंकू वाहिलं. हात मात्र मुठीवरून काढला नाही. रोहिणी शेजारी फुलं घेऊन बसली होती.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "उद्या दसऱ्याला हा उचलला की कापणी सुरू करायचीय मला. माझा विळा..."

"हा माझा," मालूआत्या म्हणाली. "तू दुसरा कर. ऐरण तुझ्याकडं हाय."